वाटाण्याचं पाणी

कृष्णात घार्गे पलटणीतून पेन्शन घेऊन आला तेव्हा वाडीला वाटलं, आता हा माणूस चार महिने पारावर बसून लढाईच्या गोष्टी सांगणार. पण कृष्णात पारावर बसला नाही. तो कुठंच बसत नव्हता. सकाळी चहाची कपबशी हातात घेऊन अंगणात येरझाऱ्या घालायचा, जेवता जेवता ताटावरून उठून गोठ्यात डोकावून यायचा, आणि कुणी बोलायला आलं तर बोलत बोलत त्याला वेशीपर्यंत चालवत न्यायचा. त्याची म्हातारी आई हरणाबाई म्हणायची, "किस्ना, एका जागी बूड टेक की रं. तुला बघूनच माजं पाय दुखाय लागल्यात."

दुष्काळ सरून दुसरं वर्ष चालू होतं. खटाव भागातली ती वाडी मुळातच कोरडवाहू, पण औंदा पाऊस चांगला झाला होता आणि घार्ग्यांची विहीर वरच्या दगडापर्यंत भरली होती. त्याच विहिरीच्या तळाला दुष्काळात चिखलसुद्धा उरला नव्हता. कृष्णातनं ते पाहिलं नव्हतं. तो तेव्हा आसामात होता. तिथं तंबूवर दिवसदिवस पावसाची धार लागलेली असायची, आणि घरची खबर यायची ती एवढीच, की इकडं सगळं बरं आहे, काळजी नसावी.

सगळं बरं नव्हतं, हे त्याला घरी आल्यावर दिसलं. दुष्काळात गुरांच्या छावणीत सोडलेल्या बैलजोडीतला एकच बैल दावणीला होता. आईची कंबर वाकली होती. आणि त्याची बायको शालूबाई, जिनं सासूला बरोबर घेऊन दुष्काळी कामावर खडी फोडली होती, तिच्या डाव्या हाताचं एक बोट वाकडं होऊन बसलं होतं. त्याला नख नव्हतं. ती ताटात भाकरी टाकायची तेव्हा ते बोट त्याच्या डोळ्यांसमोर यायचं. त्यानं कधी विचारलं नाही. तिनं कधी सांगितलं नाही.

त्यानं घरात आणलेली पहिली वस्तू म्हणजे पाच हॉर्सपॉवरचं तेलाचं इंजिन. हँडल फिरवलं की ते धकधकायला लागायचं आणि पाइपातून मांडीएवढी धार पाटात पडायची. पहिल्या दिवशी अर्धी वाडी बघायला आली होती. कृष्णात धारेखाली हात धरून उभा होता, आणि त्या दिवसापुरता का होईना, तो एका जागी उभा होता.

विहिरीखालच्या काळ्या तुकड्यात काय लावायचं, हा प्रश्न निघाला तेव्हा शालूबाई म्हणाली, "वाटाणा लावू. तितं वाटाणा बरा येतोय." पलटणीतला दोस्त दादासो सांगलीकडचा. त्यानं बाळगोंडा पाटील नावाच्या जैन दुकानदाराचं नाव सांगितलं होतं, त्याच्याकडून बी आणलं. दसऱ्यानंतर पेरणी झाली. वाटाणा असा उगवून आला, की बांधावरून जाणारा माणूस थांबून बघायचा. वेल गुडघ्याला लागले, पांढरी फुलं दिसायला लागली, आणि मग खालच्या कोपऱ्यातली झाडं पिवळी पडायला लागली.

पिवळेपणा बुडातून वर चढत होता. खालची पानं आधी वाळायची, मग मधली. दुपारच्या उन्हात झाडं माना टाकायची. कृष्णातनं ते बघितलं. तहान. दुसरं काय असणार? तो पळतच इंजिनाकडं गेला. संध्याकाळी बघतो तर माना टाकलेली झाडं जरा सावरलेली. त्याला हायसं वाटलं. ती उन्हं उतरल्यामुळं सावरली होती, हे त्याच्या ध्यानात येणार कसं? दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तेच. त्यानं पुन्हा इंजिन चालू केलं.

मग त्याला तोच एक उद्योग झाला. उजाडलं की तो खोऱ्या घेऊन पाटावर. एका सरीचं दारं मोड, दुसरीचं धर, असं पाणी फिरवत राहायचं. पाणी खालच्या कोपऱ्यात जाऊन साचायचं, तिथं बेडकं ओरडायला लागली. पिवळा डाग कोपऱ्यातून निघाला आणि सरीसरीनं वर सरकायला लागला.

"आवं," शालूबाई एकदा म्हणाली, "माती अजून वली हाय. पाय रुततोय."

"ऊन बगितलंस का किती हाय? झाडं बग कशी झाल्यात."

"आवं पर..."

"आगं, मरायला लागल्यात ती!"

तो एवढ्या जोरात ओरडला, की शालूबाई चार पावलं मागं सरली. 

शेवटी एक दिवस त्यानं पाच-सहा झाडं मुळासकट उपटली, ओल्या फडक्यात गुंडाळली आणि सांगलीची एस.टी. धरली. गाडीत जागा होती, पण विट्यापर्यंत तो दांडीला धरून उभाच राहिला. कंडक्टर म्हणाला, "पावनं, बसा की, तिकिटाचं पैसं बसायलाबी असत्यात." तेव्हा कुठं तो बसला, तोही सीटच्या कडेला.

बाळगोंडा पाटलांचं दुकान बाजाराच्या कडेला होतं. बियांच्या पोत्यांमधून जाण्यापुरती वाट, आणि आत गादीवर साठीतला एक ठेंगणा, काळी टोपी घातलेला माणूस. नदीकाठाला त्यांची स्वतःची शेतीही होती. त्यांनी कृष्णातला ओळखलं.

"या हवालदार. बसा."

"बसायला येळ न्हाई. ह्ये बघा आधी. बी तर चांगलं उगावलं, मग ह्ये असं का?"

बाळगोंडांनी फडकं सोडलं. एक झाड उचलून बुडाशी चिमटीत धरलं आणि हलकेच ओढलं. मुळाची साल अस्तनी निघावी तशी सुटून हातात आली. आत दोऱ्याएवढी शीर राहिली, लालसर, मळकट. बाजूची बारीक मुळं नव्हतीच. त्यांनी ते नाकाशी नेलं आणि लांब केलं.

"पाणी कवा दिलं होतं?"

"काल."

"त्याच्या आधी?"

"परवा. आन त्याच्या आधीबी. रोजच देतोय की."

"मग मूळ कुजणारच," बाळगोंडा म्हणाले. "हवालदार, झाड तहानेलं न्हाई. बुडालंय. प्यायला मूळच उरलं न्हाई तर वर माना टाकणारच ते. तुमी आणखी पाणी पाजताय, ते खाली आणखी गुदमरतंय." त्यांनी झाड फडक्यावर ठेवलं. "या जागेत आधी काय होतं?"

"आधी म्हंजी?"

"गेल्या साली, त्याच्या मागल्या साली. वाटाण्यावर वाटाणाच केला असला तर रोग मातीतच मुरून राहिलेला असतो. पाणी साचलं की उठतो. म्हणून विचारतोय, काय होतं?"

 कृष्णातला बंदुकीचा नंबर पाठ होता, आसामातल्या चौक्यांची नावं ओळीनं सांगता आली असती. आपल्याच रानात मागल्या चार सालांत काय उगवलं ते त्याला माहीत नव्हतं.

"आठवत न्हाई," तो म्हणाला.

"घरात विचारा."

"ते सोडा. औषध द्या कायतरी."

"कुजलेल्या मुळाला औषध विकून मी काय करू? पुढच्या वेळेला बी पेरायच्या आधी बुरशीवरची थायरमची भुकटी चोळा, ती मी देतो. पण आता पाणी तोडा. खालच्या अंगाला चर काढा, साचलेलं बाहेर जाऊ दे. गेलेली झाडं मुळासकट उपटून रानाबाहेर जाळा. बाकीची माती वाफशावर येऊ द्या. मूठ आवळली की गोळा झाला पायजे आणि बोट लावलं की फुटला पायजे, असा वाफसा. तोवर इंजिनाला हात लावू नका. वरच्या अंगाची झाडं वाचतील."

"आन मी करायचं काय?"

"सांगितलं की. चर काढायचा, झाडं उपटायची. मग थांबायचं."

थांबायचं! कृष्णात दुकानातून बाहेर पडला तेव्हा त्याची कानशिलं तापली होती. पीक डोळ्यांदेखत जातंय आणि हा माणूस सांगतो थांबायचं. पुढं गेल्यावर दुसरं एक दुकान होतं. तिथल्या पोरगेल्या मालकानं झाडाकडं नीट बघितलंसुद्धा नाही. निळ्या भुकटीची दोन पाकिटं काढून समोर ठेवली. "बॅरलभर पाण्यात कालवा आणि बुडात ओता. आठ दिवसांत फरक." कृष्णातला तो माणूस आवडला. त्यानं काहीतरी करायला सांगितलं होतं.

घरी आल्यावर शालूबाईनं विचारलं, "काय म्हणाला?"

"औषध दिलंय," कृष्णात म्हणाला, आणि पाण्याचा तांब्या तोंडाला लावून अंगणाबाहेर गेला. त्या जागेत आधी काय होतं, हे विचारायला त्याची जीभ उचलली नाही. विचारायचं म्हणजे कबूल करायचं, की मी इथं नव्हतो.

दोन दिवस तो बॅरल आणि डबा घेऊन झाडाझाडाला निळं पाणी घालत फिरला. हात निळे झाले, धोतराचा काठ निळा झाला. आधीच गच्च असलेल्या मातीत आणखी डबा डबा पाणी गेलं. शिवाय औषध खाली मुरावं म्हणून त्यानं इंजिन लावून एक हलकं पाणी दिलं. आठवडा सरला तोवर पिवळा डाग मधल्या सऱ्यांपर्यंत येऊन ठेपला होता. कोपऱ्यातली झाडं तर वाळून काडी झाली होती.

आणि मग एका सकाळी इंजिनाचं हँडल नाहीसं झालं.

विहिरीवरच्या खोपटात खुंटीवर ते नेहमी टांगलेलं असायचं. कृष्णातनं खुंटीखाली बघितलं, डिझेलच्या डब्यामागं बघितलं, गोणपाटं उलथीपालथी केली. विहिरीत डोकावला. शेजारच्या मळ्यातल्या ज्योतिबाला विचारून आला. मग त्याला काय वाटलं कोण जाणे, तो तडक घरी आला. शालूबाई चुलीपुढं भाकरी थापत होती.

"हँडल कुटं हाय?"

"हाय."

"कुटं?"

"माज्यापाशी." तिनं परातीतून मान वर केली नाही. "हुडकू नगा. दुष्काळात सोन्याचं डाग जितं ठेवलं हुतं तितं ठेवलंय. तवा चोराला गावलं न्हाईत, तुमास्नी काय गावतंय."

"शालू, पीक वाळाय लागलंय आन तू खेळ मांडलायस?"

"पीक वाळत न्हाई, नासतंय. काल मी एक झाड उपटून बघितलं. वास मारतोय त्येला." आता तिनं वर बघितलं. "सांगलीचा माणूस काय म्हणाला ते तुमी मला सांगितलंच न्हाई. त्यो खरंच म्हणाला व्हता, पाणी द्या म्हणून?"

कृष्णात दारात उभा होता. आत यावं की बाहेर जावं, त्याला कळेना. ओसरीवर हरणाबाई कान देऊन बसली होती.

"न्हाई," तो म्हणाला. "पाणी तोडा म्हणाला."

"मग?"

"मग काय? मला सोसंना. बघत कसं बसायचं? त्यानं आनखी एक इचारलं. या जागंत आदी काय व्हतं म्हणून."

"काय सांगितलंसा?"

"काय सांगणार? मला कुटं ठावं हाय?" त्यानं दाराची चौकट धरली. "माजंच रान आन मलाच ठावं न्हाई. काय व्हतं, शालू?"

शालूबाईचा हात परातीतच थांबला. तव्यावरची भाकरी करपायला लागली होती, तिचं तिकडं लक्ष नव्हतं.

"वाटाणाच," ती म्हणाली. "दरसाल. दुष्काळात काय उगावलं न्हाई तेवढं सोडून. वरच्या तुकड्यापातुर पाणी न्यायला माणूस कोण व्हतं? आमी दोगी सासूसुना. इरीजवळचा तेवढा तुकडा घागरीनंबी भिजायचा, म्हणून तितंच लावायचो. वाटाणा बाजारात नेला की हातात रोकडा यायचा." तिनं ओठ आवळले. "म्हंजी त्यो रोग मीच पेरला म्हणा की."

"कोण म्हणतंय तसं?"

"तुमी मनात म्हणताय."

"मनात म्हणत न्हाई." तो चुलीशेजारी खाली बसला.  "तू तितं पाच-सहा सालं पीक काढलंस. मी एका सालात बुडवलं. पाणी कुणी पाजलं?"

 मग कृष्णातनं तिचा डावा हात धरला, पिठानं भरलेला तसाच.

"ह्ये बोट कसं झालं?"

"खडी फोडताना. हातोडी निसटली."

"लय दुखलं आसंल."

"तवा दुखायला सवड न्हवती. आता थंडीचं ठणकतं."

"मी आसामात व्हतो," कृष्णात म्हणाला. "तितं पाऊस थांबत न्हवता, शालू. कपडं वाळायचं न्हाईत. आन हितं तुमी... मला कुणी कळवलंबी न्हाई. आता ही इर भरलेली बघितली आन वाटलं, देता येईल तेवढं पाणी देऊन टाकावं."

"वाटाण्याला?" शालूबाई म्हणाली.

ओसरीवर हरणाबाई फिस्सकन हसली. मग शालूबाईला हसू आवरेना, आणि कृष्णातही कसनुसा हसला. भाकरीचा कोळसा झाला होता.

त्याच दिवशी त्यांनी चर काढायला घेतला. खालच्या बांधाला कृष्णात कुदळ मारायचा आणि शालूबाई पाटी भरायची. वीतभर खणलं तोच काळं, घाण मारणारं पाणी झिरपायला लागलं. दुसऱ्या दिवशी ते ओढ्याला लागलं. मग झाडं उपटायची पाळी आली. पार वाळलेली उपटायला काही वाटलं नाही, पण मधल्या सऱ्यांतल्या झाडांना अजून फुलं होती, काहींना चपट्या शेंगा धरल्या होत्या. हरणाबाई बांधावरून ओरडली, "आरं, फुलावरचं झाड उपटू नगा रं, पाप लागंल." शालूबाईनं एक झाड उपटून तिच्यापुढं धरलं. मुळाच्या जागी नुसता काळा गोंडा होता. म्हातारीनं तोंडाला पदर लावला. उपटलेला सगळा ढीग त्यांनी ओढ्यापलीकडच्या खडकावर नेला, वाळू दिला आणि पेटवला.

त्यानंतरचे दिवस कृष्णातला फार जड गेले. करायला काही उरलं नव्हतं. दुपार झाली की वरच्या सऱ्यांतली झाडंही जरा मलूल दिसायची आणि त्याचे पाय आपोआप खोपटाकडं वळायचे. खुंटी मोकळी दिसली की तो माघारी फिरायचा. बांधावरून चकरा मारायचा. चालता चालता वाकून मूठभर माती घ्यायचा, आवळायचा, बोट लावून बघायचा. गोळा चिकटच राहायचा. तो फेकून द्यायचा आणि दहा पावलांवर पुन्हा घ्यायचा, जणू तेवढ्यात माती वाळणार होती. एकदा तर तो ज्योतिबाच्या रानात जाऊन त्याच्या उसाला दारं धरून आला. ज्योतिबाला वाटलं, सैन्यात राहून माणूस लय कामाचा झाला. शालूबाईला खरं कारण ठाऊक होतं. 

मधल्या सऱ्यांतली आणखी काही झाडं गेली. मग डाग थांबला की काय, असं वाटायला लागलं, पण खात्रीनं सांगता येईना. रोज सकाळी तो डागाच्या कडेची झाडं न्याहाळायचा. आज पिवळं पान कालच्यापेक्षा वर आहे का? आहे, असं वाटायचं. दुपारी वाटायचं, नाही. रात्रीच्या भाकरीला तो म्हणायचा, "जाणार. सगळंच जाणार," आणि शालूबाई म्हणायची, "गेलं तर गेलं. जेवा."

एका सकाळी ती स्वतःच हँडल घेऊन रानात आली. पदराखाली झाकून, चोरून आणल्यासारखी.

"घ्या," ती म्हणाली. "वरची जमीन भेगाळाय लागलीया. आता द्याय पायजे. एक सरी आड एक सरी, बेतानं."

कृष्णातनं हँडल हातात घेतलं. लोखंड त्याच्या हाताला ओळखीचं वाटलं. तो दोन पावलं इंजिनाकडं गेला, मग थबकला, खाली बसला आणि झाडाच्या बुडाजवळ बोटं खुपसून आतली माती काढली. मूठ आवळली. गोळा झाला. बोट लावलं, तर फुटला खरा, पण आतून अजून ओला.

"आज न्हाई," तो म्हणाला. "आनखी दोन दिस जाऊ दी."

शालूबाई त्याच्याकडं बघतच राहिली. त्यानं हँडल तिच्याकडं परत दिलं. "तूच ठेव."

वरच्या अंगाच्या सऱ्या वाचल्या. सगळ्या नाहीत. निम्म्याहून थोडं कमी रान हाताला लागलं. पण जी झाडं राहिली त्यांना शेंगा टच्च भरल्या. पौषात तोडे सुरू झाले. मायलेक आणि सून तिघं मिळून शेंगा तोडायची. हरणाबाई तोडता तोडता दाणे सोलून तोंडात टाकायची आणि "गोड हाईत गं" म्हणायची. खालचा रिकामा भाग कृष्णातनं नांगरून तापायला उघडा टाकला. पाऊसकाळात तिथं ज्वारी, पुढची तीन-चार सालं वाटाण्याचं नाव काढायचं नाही, हे नवराबायकोनं भाकरी खाता खाता ठरवलं. पुढचा वाटाणा वरच्या मुरमाड तुकड्यात. तिथवर पाणी आता इंजिनानं जात होतं. थायरमची भुकटी तो सांगलीहून आणणार होता. बाळगोंडांना काय सांगायचं, हे मात्र त्याला अजून सुचलं नव्हतं.

शेवटच्या तोड्याची पोती घेऊन शालूबाई वडूजच्या बाजाराला गेली. कृष्णात बरोबर निघाला होता, पण तिनंच त्याला घरी ठेवलं. "तुमी आलासा की बाजारात उभं ऱ्हात न्हाईसा, मग गिऱ्हाईकबी उभं ऱ्हात न्हाई. घरात म्हाताऱ्या आत्यास्नी कोण हाय? बसा जरा निवांत."

ती संध्याकाळच्या गाडीनं परत आली. रिकामी पोती खांद्यावर, पदरात गुळाचा खडा आणि सासूसाठी पानाचा विडा. भाव बरा लागला होता. ओसरीवर कृष्णात भिंतीला टेकून बसला होता, हरणाबाई शेजारी.

"काय केलंसा दिसभर?" शालूबाईनं विचारलं.

"काय न्हाई. बसलो हुतो."

शालूबाईनं खाली बघितलं. त्याच्या दोन्ही पायांना गुडघ्यापर्यंत वरच्या तुकड्यातली पांढरी मुरमाड धूळ चढली होती आणि धोतराला कुसळं चिकटली होती. हरणाबाईनं सुनेकडं बघून नुसती भुवई उडवली. शालूबाईनं पोती खाली टाकली, पाय धुवायला पाण्याची बादली त्याच्यापुढं ठेवली आणि चूल पेटवायला आत गेली.